दुसऱ्या मुलीचं बोट

(कारा-जिल्गा गावचा दवाखाना. मार्चमधली सकाळ. खाटेवर तीन वर्षांची बेगिमाय झोपलेली आहे, नाकाला ऑक्सिजनची नळी. शेजारी दवाखान्याचा एकमेव कर्मचारी सामात आणि मुलीची आजी उरुम्कान.)

सामात : मी पुन्हा विचारतो, आपा. ऑक्टोबरात तुम्ही माझ्याकडं आणली होती ती मुलगी हीच का?

उरुम्कान : हीच की. दुसरी कुठली असणार? माझ्या घरात काय नातींचा कळप आहे?

सामात : त्या मुलीनं मला चावलं होतं.

उरुम्कान : मग? मुलं मोठी होतात, चावायचं सोडतात. तू नाही सोडलंस?

सामात : बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावायला गेलो तर तिनं माझा अंगठा धरला आणि कचकन दात रोवले. चार दिवस सुजला होता. गेल्या बुधवारी मी लस टोचायला तुमच्या शेजारच्या गुलसूनकडं गेलो. तिच्या जिबेकनं पुन्हा चावलं. त्याच अंगठ्याला, त्याच जागी. मी हसलो. म्हटलं, या गावच्या मुली चावऱ्याच दिसतात.

उरुम्कान : आहेतच. मी लहानपणी मुल्लाला चावले होते.

सामात : आपा, हसण्यावारी नेऊ नका. कार्डावर ऑक्टोबरचा आकडा अठ्ठ्याऐंशी आहे. आज तुम्ही हिला पाठीवर घेऊन आलात तेव्हा अडुसष्ट होता.

उरुम्कान : गारठा किती आहे बाहेर! गार बोटाला तुझं यंत्र काहीबाही दाखवतं. तूच सांगितलं होतंस सगळ्यांना.

सामात : म्हणून तर दहा मिनिटं तिचं बोट मुठीत धरून बसलो. चहाच्या पेल्याला लावून ऊब दिली. तेव्हा कुठं सत्तर झाला. अर्धा तास नळी लावली, आता ब्याऐंशी आहे.

उरुम्कान : म्हणजे वाढला की.

सामात : नळी काढली की पुन्हा घसरेल. खाली ओश शहरात मुलांच्या रक्तात सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव टक्के ऑक्सिजन असतो. इथं साडेतीन हजार मीटरवर हवाच विरळ, म्हणून आपल्या मुलांचा अठ्ठ्याऐंशी, फार तर नव्वद. तेवढ्यावर ती मेंढरांमागं पळतात, भांडतात, चावतात. पण अडुसष्टवर कुणी पळत नाही. आणि हे एका रात्रीत होत नाही. तिचे पाय बघा. मी बोट दाबतो. पडला खड्डा? बघा, भरतच नाही.

उरुम्कान : मला वाटलं पाय वाढताहेत.

सामात : काय?

उरुम्कान : बूट घट्ट व्हायला लागले होते तिला. म्हटलं, पोर वाढतेय. सारी-ताशच्या बाजारातून एक माप मोठे आणले, लाल रंगाचे. तेही महिन्याभरात चढेनात. मग आणखी मोठे आणले. चहाला येईल त्याला दाखवत होते, बघा म्हणायची, याकच्या सायीवर कशी बाळसं धरतेय माझी पोर. गालसुद्धा भरले होते ना.

सामात : ते बाळसं नाही, आपा. पाणी आहे. हृदय दमलंय तिचं.

उरुम्कान : तीन वर्षांच्या पोरीचं हृदय कशानं दमेल? तिनं काय ओझी वाहिली?

सामात : सारी-ताशहून गाडी निघाली आहे. तासाभरात येईल. तिच्यात ऑक्सिजनचं मोठं नळकांडं आहे, ओशपर्यंत पुरेल. पण तिथले डॉक्टर आधी हे कार्ड उघडतील. अठ्ठ्याऐंशी बघतील आणि म्हणतील, म्हणजे ऑक्टोबरात पोर ठणठणीत होती. हे नवं दुखणं. छातीत कफ झाला असेल, द्या सुया. त्यात चार दिवस जातील. हिच्याकडं चार दिवस आहेत का, मला माहीत नाही. म्हणून विचारतोय. तुमच्याशी भांडायला नाही.

उरुम्कान : बाहेर कोण आहे?

सामात : कुणी नाही. गुलसून आली होती, तिला घरी पाठवलं.

उरुम्कान : दाराला कडी घाल.

सामात : घातलीय.

उरुम्कान : जिबेक होती ती.

सामात : जिबेक? गुलसूनची?

उरुम्कान : बेगिमायचा कोट घातला होता तिला. तिची कानटोपी. गुलसूनला म्हटलं, अर्धा तास तुझी पोर दे. ती कणीक मळत होती. हात पुसले, पोरीचं नाक पुसलं आणि दिली. एका शब्दानं विचारलं नाही. नुसतं बघितलं माझ्याकडं. लग्न होऊन शेजारी आली तेव्हापासून ओळखते तिला, तसं कधी बघितलं नव्हतं तिनं.

सामात : म्हणजे गुलसूनला सगळं माहीत होतं.

उरुम्कान : गुलसूनला माहीत, तिच्या नवऱ्याला माहीत, झऱ्यावर पाणी भरणाऱ्या झाडून साऱ्या बायकांना माहीत. तुला येऊन आठवडा झाला होता. खालच्या उझ्गेनचा पोरगा, गळ्यात मफलर, थंडीनं दात वाजताहेत. तुला आमची सगळी मुलं सारखीच दिसत होती. तांबडे गाल आणि शेंबडी नाकं.

सामात : पाच महिने सगळं गाव मला हसलं असेल.

उरुम्कान : कुणी हसलं नाही रे. हसले असते तर बरं झालं असतं. मी आले की बोलणं थांबायचं.

सामात : पण का केलंत? मी काय हिला खाणार होतो?

उरुम्कान : तू मशिदीपाशी उभा राहून काय ओरडलास ते आठवतं का? पाच वर्षांखालची सगळी मुलं घेऊन या, ज्याचा आकडा ऐंशीच्या खाली येईल त्याला हिवाळ्याआधी खाली न्यावं लागेल. न्यावं लागेल, म्हणालास.

सामात : तसा नियम आहे.

उरुम्कान : नियम तुझा, पोर माझी.

सामात : आणि तिचा आकडा ऐंशीच्या खाली येईल हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं? कसं?

उरुम्कान : तुझ्या आधी इथं म्हातारी रोझा होती ना, तिनं बघितला होता. पोर दीड वर्षाची होती तेव्हा. अठ्ठ्याहत्तर. दोनदा लावून बघितलं तिनं. मला म्हणाली, उरुम्कान, ही पोर इथली नाही, हिला खाली धाड. मी तिचे हात धरले, कार्डावर लिहू दिलं नाही. भिडस्त बाई. नाही लिहिलं तिनं. जाताना मात्र माझ्या घरी चहाला आली नाही.

सामात : दीड वर्षाची असताना अठ्ठ्याहत्तर! आपा, म्हणजे दोन वर्षं होत आली.

उरुम्कान : मोजता येतं मला.

सामात : तिची आई ओशला आहे. मावशी आहेत, शाळा आहे, दवाखाना आहे. मूल आईकडं पाठवण्यात एवढं काय होतं?

उरुम्कान : तुझं अजून लग्न नाही, तुला काय कळणार? पहिलं मूल आजी-आजोबांचं. हे काही मी काढलेलं नाही. माझा थोरला मी माझ्या सासूला दिला. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. दूध दाटून छाती ठणकायची, मी गोठ्यात जाऊन रडायची. मनात म्हणायची, थांब, माझीही पाळी येईल. आली पाळी. माझ्या धाकट्या कानीबेकची पहिली पोर माझ्या मांडीवर आली. मग म्हातारा गेला. कानीबेक रशियात दुसऱ्यांची घरं बांधतो. सून ओशला शिवणकाम करते, धाकटा नातू तिच्यापाशी. मला काय राहिलं? चौदा याक, एक चूल आणि ही. खाली गेली की सून कशाला परत देईल? मी तिच्या जागी असते तर मीही दिली नसती.

सामात : म्हणून तुम्ही...

उरुम्कान : हो, म्हणून. आणखी गोड करून सांगता येत नाही मला. ती दम खात उकिडवी बसायची, मी म्हणायची, लबाड आहे, कडेवर यायचंय हिला. ओठ काळेनिळे व्हायचे, मी साय चोपडायची त्यांना. रात्री तिच्या छातीवर कान ठेवून जागी असायची. ज्याला काहीच माहीत नसतं तो असा कान लावून बसत नाही, सामात. मला माहीत होतं. लाज वाटते रे. माझ्या पोराच्या वयाच्या माणसापुढं बसून सांगतेय, जमिनीनं गिळावं असं वाटतंय.

सामात : मला कमी वाटत नाही. खाली सही माझी आहे. मी मुलीचं तोंड बघितलंच नाही. यंत्रावरचा आकडा बघितला, लिहिला आणि अंगठा चोखत पुढच्या मुलाला हाक मारली. त्या दिवशी एक्केचाळीस मुलं तपासली म्हणून आईला फोन करून फुशारकी मारली होती मी.

उरुम्कान : तुझी काय चूक? तुला मीच फसवलं.

सामात : आपा, एक करता येईल. मी लिहितो की ऑक्टोबरात यंत्र बिघडलं होतं, आकडा धरू नये. ओशच्या डॉक्टरांना तेवढं पुरे. तुमचं नाव नको, माझं नको. सुनेलाही तेच सांगू.

उरुम्कान : चालेल असं?

सामात : कोण विचारायला येतंय इथं वर?

उरुम्कान : गुलसून बोलायची नाही. रोझा तर नारीनला लेकीकडं गेली.

सामात : मग लिहू?

उरुम्कान : थांब. बाकीची चाळीस मुलं त्याच यंत्रावर तपासलीस ना?

सामात : हो.

उरुम्कान : मग त्यांचेही आकडे खोटे ठरले. उद्या कुणी साहेब येईल, चांगली पळती पोरं गाडीत कोंबून खाली नेईल. आणि रोझाचा अठ्ठ्याहत्तर? तो कोण सांगणार? यंत्र?

सामात : तो... तो राहील.

उरुम्कान : म्हणजे दोन वर्षांचं दुखणं पाच महिन्यांचं करून पाठवायचं. नको. एकदा पोर बदलली, आता यंत्रावर ढकलू? त्याला तोंड नाही म्हणून? माझ्या सुनेला, मीर्गुलला फोन लाव. मला त्या बारक्या बटणांचं काही समजत नाही.

सामात : मी सांगू का तिला?

उरुम्कान : तू फक्त लाव.

सामात : लागला. आवाज मोठा केलाय. बोला.

मीर्गुल : सलाम, आपा! तब्येत बरी? गुडघा दुखतो का अजून? जनावरं सगळी नीट? घाटात बर्फ आहे का?

उरुम्कान : जनावरं नीट आहेत. गुडघा आहे तसाच. घाट मोकळा झालाय. नातू बरा?

मीर्गुल : बरा आहे. चालायला लागला. माझी बेगिमाय... आपली बेगिमाय कशी आहे?

उरुम्कान : तुझं शिवणयंत्र बंद कर जरा. काही ऐकू येत नाही.

मीर्गुल : केलं. काय झालं, आपा?

उरुम्कान : मी दवाखान्यात आहे. पोर निजलीय, नाकात नळी आहे. आज तिला ओशला आणताहेत. तिच्या रक्तात हवा कमी पडते. आजची गोष्ट नाही, दोन वर्षांची आहे. मला माहीत होतं. ऑक्टोबरात तपासणी झाली तेव्हा मी गुलसूनची जिबेक पुढं केली, हिचा कोट घालून. हिला घरात लपवली होती, चुलीपाशी, बेदाण्यांची वाटी देऊन. ऐकतेस का?

मीर्गुल : ऐकतेय.

उरुम्कान : तू घेऊन जाशील म्हणून केलं. दुसरं काही कारण नव्हतं. आता शिव्या दे.

मीर्गुल : सासूला शिव्या कशा देऊ, आपा?

उरुम्कान : दे गं. माझी सासू मेली तरी मी तिला मनात देत होते.

मीर्गुल : उन्हाळ्यात आले तेव्हा मी तिचे ओठ बघितले होते. तुम्ही म्हणालात, काळे बेदाणे खाल्लेत.

उरुम्कान : म्हणाले होते.

मीर्गुल : बेदाणे नव्हते ते. मला तेव्हाच कळलं होतं. आपा, मलाही एक सांगायचंय. मला आधी सांगायला हवं होतं. तुमच्याही आधी.

उरुम्कान : काय?

मीर्गुल : ती झाली ना, तेव्हा इथल्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली. म्हणाल्या, हृदयात एक आवाज येतो. बहुतेक आपोआप जाईल, पण वर्षाची झाली की परत दाखवा, तोवर डोंगरावर नेऊ नका. तसं कागदावर लिहून दिलं. आणि ती आठ महिन्यांची झाल्यावर तुम्ही न्यायला आलात.

उरुम्कान : आम्ही सगळेच आलो होतो.

मीर्गुल : सासरे पांढरी टोपी घालून आले होते. दोन मेंढरं कापली होती. सगळी भावकी जेवायला बसलेली. मी त्यांच्यासमोर कधी मान वर करून बोलले नव्हते. त्या वेळी हृदयाचं काढलं असतं तर लोक म्हणाले असते, बघा, पोर द्यायची नाही म्हणून सून कारणं काढतेय. यांनाही मान खाली घालावी लागली असती. मी चहा ओतत राहिले. कागद शिवणयंत्राच्या खणात टाकला. अजून तिथंच आहे, दोऱ्याच्या रिळांखाली. रोज दोरा काढायला तो खण उघडते मी, आपा.

उरुम्कान : दोन वर्षांहून जास्त झाली की गं.

मीर्गुल : हो. सून वाईट म्हणवून घेण्यापेक्षा... मला काय वाटत होतं तेव्हा, मलाच कळत नाही आता. आई म्हणवून घ्यायची लाज वाटते.

उरुम्कान : तू सांगितलं असतंस तर...

मीर्गुल : ऐकलं असतंत तुम्ही?

उरुम्कान : नाही. आता कशाला खोटं बोलू? ऐकलं नसतं. घरी जाऊन झऱ्यावर बायकांना सांगितलं असतं, माझी सून कशी नाटकी आहे ते.

सामात : वहिनी, मी सामात बोलतोय, इथल्या दवाखान्यातून. तो कागद फार कामाचा आहे. घेऊन दुपारी तीनपर्यंत थेट मुलांच्या दवाखान्यात या. वाट बघत बसू नका, कुणाला विचारू नका. बाकीचं मी कार्डावर लिहून देतो.

मीर्गुल : वाचेल ना ती?

सामात : खाली उतरलं की हवा वाढते, पुष्कळ मुलांना तेवढ्यानंच आराम पडतो. सूज उतरवायचं औषध मी सुरू केलंय. हृदयात काय आहे ते तिथले डॉक्टर बघतील. त्याहून जास्त मी बोललो तर ते पुन्हा खोटं लिहिल्यासारखं होईल.

मीर्गुल : आणि नंतर? बरी झाली की वर न्यायची?

सामात : नाही. ते मी आत्ताच सांगतो. वर आता नाही.

उरुम्कान : ऐकलं मी. माझ्याकडं बघत बोलायची गरज नाही.

मीर्गुल : आपा, तुम्ही तिच्यासोबत येताय ना?

उरुम्कान : गाडीत मांडीवर कोण घेईल तिला? येतेय. तुझ्या दारात पोचवीन आणि दुसऱ्या दिवशी परत फिरेन. याकांना पाणी कोण पाजेल?

मीर्गुल : परत कशाला फिरता? इथं दोन खोल्या आहेत.

उरुम्कान : कुठल्या तोंडानं राहू?

मीर्गुल : माझंही तोंड तसलंच आहे. दोघी बसू समोरासमोर.

उरुम्कान : बघू. आधी पोर पोचू दे.

मीर्गुल : आपा, एक विचारू? दवाखान्यात म्हणतील, आई कोण आहे, तिनं पुढं या. मी पुढं झाले आणि ती रडायला लागली तर? उन्हाळ्यात ती मला वहिनी म्हणायची. यांना दादा.

उरुम्कान : मीच शिकवलं होतं. असंच शिकवतात. माझा थोरला पन्नाशीला आला, अजून मला वहिनी म्हणतो.

मीर्गुल : असू दे. वहिनी म्हणू दे. तुम्हालाच आई म्हणू दे. ती फक्त खाली येऊ दे.

उरुम्कान : कागद विसरू नकोस. ठेव आता. मला रडू येतंय आणि हा पोरगा बघतोय.

सामात : मी बघत नाही. मी लिहितोय.

उरुम्कान : काय लिहिलंस? वाच.

सामात : ऑक्टोबरचा आकडा दुसऱ्या मुलीचा आहे. तपासणाऱ्यानं मुलीची ओळख पटवली नाही. दीड वर्षाची असताना आकडा अठ्ठ्याहत्तर होता, तेव्हा लिहिला गेला नाही. खाली माझी सही.

उरुम्कान : माझं नाव कुठं आहे?

सामात : तुम्ही स्वतः सांगाल म्हणून नाही लिहिलं.

उरुम्कान : लिही. ओशच्या डॉक्टरासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटली तर? माझा भरवसा धरू नकोस, मी धरत नाही. लिही, आजी उरुम्कान, तिनं मूल बदललं. आणि हे बघ, उद्या त्या बाकीच्या चाळीस मुलांना पुन्हा बोलाव. या खेपेला एकेकाचं तोंड बघ, नाव विचार, शेजारणीलाही विचार. मी एकटीच अशी आजी आहे असं समजू नकोस.

सामात : आणखी कुणी आहे?

उरुम्कान : मी बदनाम झाले ते पुरे, दुसऱ्यांची नावं मी घेणार नाही. तू बोलाव, तुला कळेल.

सामात : गाडी वळली बघा. आली. मी नळकांडं बदलेपर्यंत तिला उठवा. हळू. एकदम बसवू नका. नळी निघता कामा नये.

उरुम्कान : बेगिमाय. ऊठ गं, सोन्या. नाकाला हात लावू नको, असू दे ते. हो, गुदगुल्या होतात, कळतं मला. गाडीतून जायचंय. मोठ्या गाडीतून. हो, मी पण येणार. बाहुली पण घे. ऐक, तुझ्या आईकडं जायचंय आपल्याला... मी नाही गं, वेडे. मी आजी.